मत्स्यालयातली काटकसर : हात कुठे आखडावा आणि कुठे आखडू नये

प्रति,
मा. संपादक,

विषय : घरगुती मत्स्यालयाचा खर्च आणि नवख्यांना दिला जाणारा सल्ला

महोदय,

घरात मत्स्यालय ठेवणे हे पैसेवाल्यांचे काम, असा समज रूढ आहे आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. हौसेने टाकी आणणारे अनेक जण पहिल्या काही महिन्यांत पुन्हा पुन्हा मासे, औषधे आणि पाणी स्वच्छ करण्याच्या बाटल्या विकत घेऊन कंटाळतात आणि अखेर ती टाकी रिकामी होऊन माळ्यावर जाते. मात्र या खर्चाचा दोष छंदाच्या माथी मारण्याआधी पैसा नेमका कशावर गेला, हे पाहिले पाहिजे. माझे निरीक्षण असे आहे की, जिथे मोकळ्या हाताने खर्च करायला हवा तिथे नवखा माणूस हात आखडता घेतो आणि जिथे खर्चाची काहीच गरज नसते तिथे तो दर महिन्याला पैसे मोजत राहतो.

पहिली चूक टाकीच्या आकारात होते. लहान टाकी स्वस्त पडते म्हणून ती घेतली जाते, किंवा काचेचे गोल भांडे आणून त्यात एक-दोन गोल्डफिश सोडले जातात. खरे तर साधा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर लांबीचा होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. भांड्यात तो काही आठवडे किंवा फार तर काही महिने टिकतो आणि मग त्याच्या जागी दुसरा आणला जातो. याचे कारण साध्या गणितात आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. जेवढ्या अमोनियाने 10 लिटरच्या टाकीतले पाणी विषारी होईल, तेवढाच 60 लिटर पाण्यात मिसळला तर त्याचे प्रमाण एक षष्ठांश राहते आणि चूक लक्षात येऊन ती सुधारायला वेळ मिळतो. तापमानाचेही तसेच आहे. थोडे पाणी लवकर तापते, लवकर गार होते आणि हे चढउतार माशांना मानवत नाहीत. म्हणून काटकसर करणाऱ्याने टाकी आपल्याला झेपेल तेवढी मोठी घ्यावी आणि त्यातले मासे कमी ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

मोठी टाकी नवीच घेतली पाहिजे, असे मात्र नाही. या छंदात आरंभशूर पुष्कळ असल्यामुळे वापरलेल्या टाक्या सर्वत्र कमी किमतीत मिळतात. अशी टाकी घेताना काचेवरच्या ओरखड्यांपेक्षा कोपऱ्यांतल्या सिलिकॉनच्या सांध्यांकडे लक्ष द्यावे. सांधा नखाने हलकेच दाबून पाहावा. सिलिकॉन कडक होऊन सुटत असेल किंवा त्याच्या आत बुडबुडे आणि काळी बुरशी शिरलेली दिसत असेल, तर सावध व्हावे. मग टाकी सपाट जागी ठेवून तिच्याखाली आणि कडेने कोरडे वर्तमानपत्र अंथरावे, ती काठोकाठ भरावी आणि दोन दिवस तशीच राहू द्यावी. डोळ्यांना न दिसणारी गळतीसुद्धा कागद सुरकुतला की लगेच कळते. (आपल्या अंकाचा हा उपयोग आपण गोड मानून घ्याल, अशी आशा आहे.) टाकी किंचित गळत असली तरी ती टाकाऊ ठरत नाही. जुने सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून काढून बुरशीनाशक न मिसळलेले सिलिकॉन पुन्हा भरता येते. टाकी कशावर ठेवायची याचा विचारही आधीच करावा. 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 35 उंच अशा टाकीत सुमारे 63 लिटर, म्हणजे तेवढेच किलो पाणी मावते, त्यात काच आणि खडी यांचे वजन वेगळे. डगमगत्या टेबलावर वाचवलेले पैसे एका रात्रीत फरशीवर वाहून जातात.

दुसरी आणि सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे घाई. आज टाकी, आजच पाणी आणि संध्याकाळी दहा-बारा मासे, हा क्रम इतका प्रचलित आहे की, त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतच नाही. अमोनियाचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये करणारे जिवाणू टाकीत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यांतले पहिले दोन पदार्थ अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतात, तर नायट्रेट त्यामानाने बरेच सौम्य असते आणि पाणी बदलल्याने व वनस्पतींमुळे आटोक्यात राहते. हे जिवाणू येण्याआधीच मासे सोडले की, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. मालकाला तो रोग वाटतो, तो औषध आणतो. काही औषधे या उपयोगी जिवाणूंनाच मारतात, मग पाणी आणखी बिघडते आणि पुन्हा नवे मासे येतात. या चक्रात जेवढा पैसा जातो तेवढ्यात दुसरी टाकी उभी राहिली असती.

यावर उपाय फुकटचा आहे. ज्याची टाकी वर्षभर उत्तम चालली आहे आणि जिथे अलीकडे रोगराई झालेली नाही, अशा ओळखीच्या माणसाकडून त्याच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज किंवा मूठभर सिरॅमिक रिंगा (जिवाणूंना वस्तीसाठी जागा देणाऱ्या सच्छिद्र चिनी मातीच्या कड्या) मागून आणाव्यात, त्या वाटेत ओल्या राहतील अशी काळजी घ्यावी आणि आपल्या फिल्टरमध्ये घालाव्यात. त्यानंतर थोडे मासे लगेच सोडावेत, कारण अमोनिया मिळाला नाही तर जिवाणूंची उपासमार होते. काही जण त्याऐवजी जुन्या टाकीचे पाणी बादलीने आणतात, पण हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते पृष्ठभागांना चिकटून राहतात. ती बादली वाहून आणण्याचे श्रम फुकट जातात. ओळखीचे कोणी नसेल, तर पाणी भरलेल्या, पण मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यावे, अमोनिया आणि नायट्राइट मोजत राहावे, आणि दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले की मग मासे आणावेत. मोजणीसाठी पाण्यात बुडवायच्या कागदी पट्ट्यांपेक्षा, पाण्याच्या नमुन्यात रसायनाचे थेंब टाकून रंग पाहण्याचा संच घ्यावा. तो घेताना महाग वाटतो, पण दर चाचणीमागे स्वस्त पडतो आणि अधिक भरवशाचाही असतो.

जिवाणूंची ही वस्ती लक्षात घेतली की, फिल्टरच्या कार्ट्रिजवर, म्हणजे आत बसवायच्या तयार गाळणीवर, दर महिन्याला होणारा खर्च किती अनाठायी आहे, हे उघड होते. वेष्टणावर ‘दर चार आठवड्यांनी बदला’ असे छापलेले असते आणि माणूस आज्ञाधारकपणे जुने कार्ट्रिज कचऱ्यात टाकतो; म्हणजे महिनाभर जोपासलेले जिवाणू टाकून देतो आणि वर त्याचे पैसे मोजतो. त्यातला ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातले पदार्थ शोषून घेणारा कोळसा) काही आठवड्यांत निकामी होतो हे खरे, पण रोजच्या वापरात त्याची गरजच नसते. औषधोपचार संपल्यावर पाण्यातले औषध काढून टाकायचे असेल किंवा पाण्याला रंग चढला असेल, तेव्हा तो वापरावा. एरवी कार्ट्रिजच्या जागी साधा जाड स्पंज बसवावा. पाणी बदलताना टाकीतून काढलेले पाणी बादलीत घ्यावे, स्पंज त्यात बुडवून चार-पाच वेळा पिळावा, पाणी गढूळ तपकिरी होईल तेवढे होऊ द्यावे आणि स्पंज परत जागेवर ठेवावा. तो पांढराशुभ्र करण्याच्या नादात नळाखाली धरू नये, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन नेमके त्या जिवाणूंवरच घाला घालते. असा स्पंज वर्षानुवर्षे चालतो. लहान आणि मध्यम टाकीला तर एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा असतो. दिसायला तो ओबडधोबड असतो खरा, पण मागे दोन वनस्पती लावल्या की नजरेआड होतो.

विजेच्या बिलाविषयी बोलताना लोक पंपाला दोष देतात आणि काही जण तर रात्री पंप बंद करतात. ही बचत उलटी अंगाशी येते, कारण रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरत असतात आणि पाण्याचा प्रवाह थांबला की फिल्टरमधल्या जिवाणूंना तो मिळेनासा होतो. हिशेबच करायचा तर असा करावा : 4 वॅटचा एअर पंप दिवसरात्र चालला तरी महिन्याला तीन युनिटसुद्धा लागत नाहीत, 15 वॅटचा एलईडी दिवा रोज सात तास लावला तर तीन युनिटांच्या आसपास वीज लागते, मात्र 75 वॅटचा हीटर दिवसातले निम्मे तास चालू राहिला तर महिन्याला 27 युनिट जळतात. बचत करायची ती या शेवटच्या आकड्यात. टाकीवर झाकण ठेवावे, कारण पाण्याची वाफ होताना बरीच उष्णता निघून जाते. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून थर्माकोल लावावा. आणि 25 अंशांवर खूश असणाऱ्या माशांसाठी हीटर 28 अंशांवर ठेवू नये. जिथे घरातले पाणी वर्षभर आपोआप उबदार राहते तिथे हीटरची गरज नाही, आणि जिथे ते गार राहते तिथे गोल्डफिश किंवा व्हाइट क्लाउड मिनो यांसारखे थंडावा मानवणारे मासे निवडता येतात. दिव्याला टायमर लावावा. बारा-बारा तास दिवा जाळून शेवाळ वाढवायचे आणि मग शेवाळनाशकाची बाटली आणायची, हा दुहेरी भुर्दंड कशासाठी?

बाटल्यांचा विषय निघालाच आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रावण ही एकमेव बाटली बहुतेकांना खरोखर लागते. पाणी चोवीस तास उघडे ठेवले तर साधे क्लोरीन उडून जाते. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग, मात्र तसे जात नाही, त्यामुळे आपल्या नळाला कोणते पाणी येते याची चौकशी पाणीपुरवठा कार्यालयात करावी. सामू, म्हणजे पीएच, वरखाली करणारी द्रावणे घेऊच नयेत. पाण्यातल्या क्षारांमुळे पीएच पुन्हा मूळ पातळीकडे सरकतो आणि हा हेलकावा माशांना मूळच्या पाण्यापेक्षा जास्त बाधतो. आपल्या पाण्याला साजेसे मासे निवडले की हा प्रश्न उरत नाही. सजावटीचे दगड विकत घेण्याऐवजी बाहेरून आणायचे असतील, तर त्यांवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर दगडात चुना आहे, तो पाणी जड करील.

वनस्पतींवर थोडा खर्च करावा, पण निवड विचारपूर्वक करावी. जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस, व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट यांना कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर लागत नाही, प्रखर दिवाही लागत नाही. पहिल्या दोघींचे आडवे खोड मात्र खडीत पुरू नये, ते कुजते. दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधावे. एकदा रुजल्या की या वनस्पती इतक्या वाढतात की, पुढे वाटून टाकाव्या लागतात. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया आणि गोगलगायी यांच्या आधाराने टाकीतले पाणी कसे राखता येते, याचे निरीक्षण प्रसिद्ध केले होते. तेव्हा विजेचा पंपही नव्हता आणि कार्ट्रिजही नव्हते. याचा अर्थ आपण फिल्टर काढून टाकावा असा मुळीच नाही. मासे मोजके असले तर वनस्पती किती काम फुकटात करतात, एवढेच मला दाखवायचे आहे.

खाद्याचा मोठा डबा किलोमागे स्वस्त असतो, पण उघडल्यावर त्यातली जीवनसत्त्वे कमी होत जातात. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच डबा घ्यावा आणि मासे दोन मिनिटांत फस्त करतील एवढेच खाद्य टाकावे.

नवे मासे आणल्यावर ते दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवावेत, त्यासाठी प्लास्टिकचा एखादा टब आणि मुख्य टाकीत आधीपासून चालवून ठेवलेला जादा स्पंज फिल्टर एवढेच पुरते. एका रोगट माशामुळे सगळी टाकी गमावण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणाऱ्या रोगात औषधे वाया जाण्याचे एक ठरलेले कारण आहे : त्याचा परजीवी माशाच्या त्वचेत असताना औषधाला दाद देत नाही, तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो. ठिपके दिसेनासे झाले म्हणून दोन दिवसांत औषध थांबवले तर रोग उलटतो आणि दुसरी बाटली आणावी लागते. ठरलेले दिवस पुरे केले की पहिलीच पुरते.

गप्पी आणि मॉली यांची पिल्ले विकत घ्यावी लागत नाहीत, उलट ती आवरावी लागतात. मादी नराचे बीज साठवून ठेवते आणि नर नसतानाही महिनोन्‌महिने पिल्ले देत राहते. जादा झालेली पिल्ले आणि छाटलेल्या वनस्पती इतर छांदिष्टांशी अदलाबदल करण्याच्या कामी येतात. ती नदीत किंवा तळ्यात मात्र कधीही सोडू नयेत, कारण तिथल्या मूळ जीवसृष्टीला त्याची किंमत मोजावी लागते.

आपल्याला एक विनंती आहे. छंदांविषयीच्या पानावर सजवलेल्या मत्स्यालयांची सुंदर छायाचित्रे आपण जेव्हा प्रसिद्ध कराल, तेव्हा त्या प्रत्येकाखाली चार गोष्टी छापाव्यात : टाकी किती लिटरची आहे, मासे सोडण्याआधी ती किती आठवडे चालवली, महिन्याला वीज किती युनिट लागते आणि त्यातला मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो. टाकी विकणाऱ्यांनीही हीच माहिती काचेवर चिकटवली तर उत्तमच, पण त्यांच्याकडून ती अपेक्षा करण्याआधी आपण सुरुवात करू शकता.

आपला नम्र,
एक मत्स्यालयप्रेमी वाचक