उद्यमनगरच्या मिस्त्री मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

परवा वैभववाडीहून येताना करूळ घाट एका दमात चढलो. गाडीत पाच माणसं, डिकीत फणस आणि तांदळाचं पोतं. गगनबावड्यापर्यंत इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. तिथं चहाला थांबलो तेव्हाच ठरवलं, तुम्हाला पत्र लिहायचं.

दादांची १९७८ सालची मार्क थ्री अँबॅसडर. तिचं १४८९ सीसीचं इंजिन दोनदा बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून रुंद करून, झालं होतं, तरी चढाला निळा धूर सुटायचाच. एका गॅरेजवाल्यानं तर गाडी भंगारात घाला म्हणून सांगितलं. तुम्ही मात्र इसुझूचं १८१७ सीसी इंजिन सुचवलंत. कंपनीनंच ते पुढं अँबॅसडरला दिलं होतं, त्यामुळं ते याच बॉडीत बसतं हे तुम्हाला ठाऊक होतं. त्याच्या जोडीचा पाच गिअरचा बॉक्सही घ्या, नुसतं इंजिन नको, हा तुमचा हट्ट होता. तो किती बरोबर होता ते आता टॉप गिअरला कळतं.

पण खरे आभार मानायचेत ते जुन्यातलं काय ठेवायचं, हे तुम्ही ज्या बारकाईनं ठरवलंत त्याबद्दल. मागचा एक्सल ठेवलात. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट टाकून न देता नव्या बॉक्सच्या मापाचा करून बॅलन्सिंगला पाठवलात. रेडिएटरच्या वरखालच्या पितळी टाक्या तशाच ठेवून मध्ये पाणी गार करणारी जाळी, म्हणजे कोअर, जाड बसवलीत, कारण मोठ्या इंजिनाची उष्णता जुन्या कोअरला झेपली नसती.

आणि तो पाण्याचा मीटर! नव्या इंजिनाचा सेन्सर जुन्या मीटरशी जुळेना, काटा भलतंच दाखवायचा. जुना सेन्सर बसवायचा तर आटे वेगळे. तुम्ही लेथवर पितळेचा एवढासा बुश काढलात, बाहेरून नव्या इंजिनाचे आटे, आतून जुन्या सेन्सरचे. डॅशबोर्डवर दादा ज्या काट्याकडं बघत गाडी चालवायचे, तोच काटा आज खरं बोलतो.

क्लच प्लेट, ऑइल सील, इंजिनाखालची रबरं यांत मात्र एक रुपया वाचवू दिला नाहीत. ब्रेकचं काम आधी केलंत. आरटीओच्या परवानगीचा कागद हातात येईपर्यंत जुनं इंजिन उतरवलंही नाहीत. तेव्हा मी घाई करत होतो. आरसी बुकात नव्या इंजिनाचा नंबर चढला, विम्यालाही कळवलं, आणि आता निर्धास्त फिरतो.

दादा पुढच्या सीटवर बसून येतात. घाटात त्यांनी नेहमीच्या वळणावर सवयीनं "थांब, पाणी घालू" म्हटलं. थांबावं लागलं नाही.

तांदळातले दहा किलो तुमच्यासाठी काढून ठेवलेत. रविवारी गाडीतूनच घेऊन येतो.