सुजाताला पत्र, लिलियन वॉल्डच्या निमित्ताने

ठाणे (पश्चिम)

प्रिय सुजे,

परवा फोनवर म्हणालीस, "आयसीयूतली बाई तू, आणि लसींचा डबा घेऊन दारोदार हिंडतेस? हाताची सवय जाईल." आशाताई शेजारी ताटकळत होती, म्हणून हसून फोन ठेवला. पण ते मनातून जाईना. पत्र लांबेल, चहा घेऊन बस.

आपल्याला नर्सिंगला कम्युनिटी हेल्थच्या पेपरात लिलियन वॉल्ड ही अमेरिकन नर्स होती, आठवतंय? चार ओळी पाठ केल्या, मार्क घेतले, विसरलो. आयसीयू सोडून इथं आरोग्य केंद्रावर आल्यावर मी तिच्याबद्दल नीट वाचलं. जन्म 1867 चा, सिनसिनाटीचा, घरचं चांगलं. 1891 मध्ये न्यूयॉर्क हॉस्पिटलातून नर्सिंग झालं, मग डॉक्टर व्हायला निघाली. 1893 मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला, परदेशातून पोटासाठी आलेल्यांच्या दाट वस्तीत, ती बायकांना घरच्या शुश्रूषेचे धडे देत होती. तिथून एक लहान मुलगी तिला आपल्या घरी घेऊन गेली. दोन खोल्या, सात माणसं, वर पोटभाडेकरू. आई बाळंतीण, दोन दिवस रक्तस्रावानं भिजलेल्या अंथरुणात पडलेली. हिनं तिला पुसून काढलं, अंथरूण बदललं, खोली आवरली. आणि डॉक्टरकीचं शिक्षण तिथंच सोडलं!

मग मेरी ब्रूस्टर या नर्स मैत्रिणीला घेऊन ती त्याच वस्तीत राहायला गेली. 1895 मध्ये जेकब शिफ या बँकरच्या मदतीनं हेन्री स्ट्रीटवर घर मिळालं. डॉक्टरच्या चिठ्ठीची अट नाही, कुणीही यावं आणि नर्सला बोलवावं. झेपेल त्यानं थोडे पैसे द्यावेत, नसतील तर राहू दे. हे पैशाचं मला फार पटतं. फुकट म्हटलं की माणूस मिंधा होतो, थोडे दिले की हक्कानं चार प्रश्न विचारतो. 1913 पर्यंत तिच्याकडे 92 नर्सेस होत्या आणि वर्षाला दोन लाख घरभेटी. आपले रिपोर्ट भरताना हा आकडा आठवला की मी तक्रार आवरती घेते. नेहमी नाही, पण घेते.

घरी गेल्यानं काय होतं सांगू? किसन नगरात एक पहिलटकरीण आहे. केंद्रावर तिचं उत्तर ठरलेलं, "हो सिस्टर, गोळ्या घेते." हिमोग्लोबिन मात्र हलेना. शेवटी लोखंडी शिडी चढून तिच्या माळ्यावर गेले, तर फळीवर लोहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा. गोळीनं शी काळी झाली, सासू घाबरली, म्हणाली बंद कर. मग सासूलाच समोर बसवलं. काळी होणारच, घाबरू नका, फक्त चहाबरोबर देऊ नका, म्हटलं. आता गोळ्यांचा हिशोब सासू ठेवते आणि मलाच दरडावते, पुढची पट्टी वेळेवर द्या म्हणून.

शाळांचंही असंच. न्यूयॉर्कात डॉक्टर मुलं तपासायचे आणि डोळे आलेली, खरूज झालेली पोरं घरी धाडायचे. घरी औषध करणार कोण? 1902 मध्ये वॉल्डनं आपली नर्स लिना रॉजर्स महिनाभर चार शाळांना दिली. ती शाळेतच औषध लावायची, मग आईला घरी जाऊन दाखवायची. वर्षभरात घरी धाडलेल्या मुलांची संख्या सुमारे 90 टक्क्यांनी उतरली.

बाई व्यवहारालाही पक्की होती. 1909 मध्ये तिनं मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीला पटवलं, की विमेदाराकडे वेळेत नर्स गेली तर माणूस जगतो आणि तुमचे पैसेही वाचतात. दया मागत बसली नाही.

तर हात विसरतील म्हणतेस, ते सलाइन लावण्यापुरतं मान्य. पण माळ्यावरच्या अंधारात बीपी बघायचं, सासू, नवरा, शेजारीण सगळ्यांना सांभाळत, हे मला आयसीयूत कुणी शिकवलं नव्हतं.

आता माझं एक काम कर. तुमच्या वॉर्डातून ठाण्याची बाळंतीण घरी सोडताना कार्डावर पत्ता पुरता लिहायला सांग. नुसतं 'वागळे इस्टेट' लिहिलं की आशाताई आणि मी उन्हात गल्ल्या मोजत बसतो. चाळीचं नाव, गल्ली, जवळचं किराणा दुकान आणि चालू असलेला मोबाइल नंबर. नवऱ्याचा नको, तो कामावर असतो. सासूचा घे.

तुझी,
मेधा