पावतीशिवाय हमी कसली?

संपादक महोदय,

लोकसेवा हमीचा कायदा देशात सर्वांत आधी मध्य प्रदेशाने २०१० मध्ये केला. पेन्शन, उत्पन्नाचा दाखला अशा सेवांना मुदत ठरली. ती चुकली तर अधिकाऱ्याला रोज अडीचशे, जास्तीत जास्त पाच हजार रुपये दंड. कायदा चांगला आहे, पण त्याचे घड्याळ सुरू होते ते लोकसेवा केंद्राच्या पावतीपासून. इंदूरच्या वस्त्यांत विधवा पेन्शनचा अर्ज अजूनही कुणा ओळखीच्या माणसाकडे किंवा महापालिकेच्या झोन कार्यालयातल्या बाबूकडे दिला जातो. मग मुदत कसली आणि दंड कुणाला?

दुसरी मेख अशी, की नामंजूर अर्जही ‘मुदतीत निकाली’ ठरतो. आकडे छान दिसतात, बाई रिकाम्या हाताने परतते. नामंजुरीचे कारण लेखीच मागावे आणि तीस दिवसांत पहिले अपील करावे. त्यावरचे दुसरे अपील साठ दिवसांत. दुसऱ्या अपिलात दंडाच्या रकमेतून अर्जदाराला भरपाईही देता येते.

आपल्या मराठी घरांत नावाचा घोळ हमखास. आधारवर मधे पतीचे नाव, समग्र आयडीत, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंबनोंदणीत, फक्त नाव-आडनाव. ते आधी जुळवून घ्यावे, मग अर्ज. पेन्शन मंजूर होऊनही पैसे दिसत नसतील, तर आधारशी शेवटचे जोडलेले खाते कोणते ते बँकेत विचारावे. रक्कम बहुधा तिथेच पडलेली असते. आणि १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरची तक्रार बंद करायला फोन आला, की भिडेपोटी ‘हो, झालं’ म्हणू नये.

गणेशोत्सव मंडळांनी सोमवारी संध्याकाळी तासभर हे कागद तपासून दिले, तर मंगळवारच्या जनसुनवाईतली, म्हणजे सरकारी कार्यालयात तक्रारी ऐकल्या जातात तिथली, निम्मी धावपळ वाचेल.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्यांत कामांचे सरकारी कागद गावासमोर वाचले. पुढे माहितीचा अधिकार आला त्यामागे तो रेटा होता. आपली जनसुनवाई एकेकाचे गाऱ्हाणे ऐकते, कागद मात्र कुणी वाचत नाही. म्हणून मागणी एवढीच: किती अर्ज नामंजूर झाले आणि का, हे नावे वगळून, पंच्याऐंशी वॉर्डांचे वेगवेगळे, दरमहा झोन कार्यालयाच्या फलकावर लावावे. त्यासाठी नवा कायदा नको, सरकारी कार्यालयाने माहिती स्वतःहून जाहीर करावी असे सांगणारे माहिती अधिकाराचे कलम ४ पुरे.

– काही रहिवासी, राजेंद्र नगर, इंदूर