शिक्र्यावर गलोल कशाला? आधी ढाबळीची जाळी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परसातल्या कबुतरांवर ससाण्याने हल्ला केल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. पाळकांचं दुखणं कुणीतरी छापलं याचा आनंद आहे, पण सोबतचा फोटो घारीचा होता. शेपटीची खाच स्पष्ट दिसते. घार धडधाकट होमरच्या, म्हणजे लांबून घरी परतणाऱ्या शर्यतीच्या कबुतराच्या, वाटेला सहसा जात नाही. फार तर आजारी पाखरू किंवा नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू उचलते. तरी बातमी आल्यापासून आमच्या गल्लीतली पोरं गलोल घेऊन घारींच्या मागे लागली आहेत, आणि काही पाळक वर्गणी काढून 'पकडणारा माणूस' बोलवायचं म्हणताहेत. मिरजेत घरामागे माझीही होमरची ढाबळ आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

कबुतर कुणी मारलं हे पिसं सांगतात. शिकारी पक्षी पिसं उपटतो, त्यामुळे देठ अख्खे राहतात. मांजर किंवा मुंगूस चावून तोडतं. देठ मध्येच तुटलेले, चार-पाच पिसांचा लाळेने चिकटलेला पुंजका. बहिरी ससाण्याने खाल्लेलं कबुतर सापडलं तर छातीचं मांस साफ असतं, दोन्ही पंख मात्र खांद्याला तसेच जोडलेले, आणि छातीच्या हाडाच्या कडेला चोचीने पाडलेल्या तिकोनी खाचा. रात्री दार लावलेलं होतं आणि सकाळी आत रक्त दिसलं, तर आभाळाकडे कशाला बघायचं? खाली बोक्याची, घुशीची वाट शोधा. संक्रांतीच्या दिवसांत न परतलेलं कबुतर तर हमखास ससाण्याच्या खात्यावर टाकलं जातं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातलेला नायलॉन मांजा तारांवर, झाडांवर लोंबतोच आहे, त्याचा हिशेब कोण मांडतो?

खरे वैरी आमच्याकडे दोन, आणि दोघांची तऱ्हा वेगळी. शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी गावातलाच. आंब्याच्या किंवा निलगिरीच्या पानोळ्यात दडून बसतो आणि एकच झेप घालतो. तो आकाराने कबुतराएवढाही भरत नाही, वजनाने तर कमीच. त्याचं रोजचं जेवण सरडे, उंदीर, चिमण्या. पण मादी नरापेक्षा मोठी असते, आणि उन्हाळ्यात घरट्यात पिल्लं असली की ती आपल्या कोवळ्या कबुतरांवर नजर ठेवते. ढाबळीच्या छपरावर पेंगत बसलेलं पिल्लू तिला आयतंच मिळतं.

बहिरी ससाणा हा थंडीचा पाहुणा. उसाचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या सुमारास दिसू लागतो आणि उन्हं तापली की जातो. त्याला झाड लागत नाही. पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा, उंच इमारत, तिथून तो उघड्या आभाळात घुसतो. सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. आपला सर्वांत चपळ नर त्याच्यापुढे काय करणार! शहरात पारव्यांची गर्दी वाढली म्हणून तोही शहराला सरावला आहे. इंग्लंडमधले पाळक थंडीभर कबुतरं आत कोंडून ठेवू शकतात, कारण त्यांच्या शर्यती उन्हाळ्यात असतात. आपल्याकडे उन्हामुळे शर्यती आणि सराव नेमके ससाण्याच्या हंगामात येतात. चेन्नईकडच्या शर्यतवाल्यांचंही हेच रडगाणं आहे.

म्हणून उपाय ढाबळीतच करावा लागतो. कोंबड्यांची षट्कोनी जाळी पुरत नाही. शिक्रा बाहेरून धडकला की कबुतरं घाबरून जाळीला चिकटतात आणि पंजा आत येतो. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेली चौकोनी तारजाळी लावा, उन्हात बसायचा पिंजरा असेल तर त्याला वरूनही लावा. जमलं तर हातभर अंतर ठेवून दुसरा थर द्या. आत यायचं दार फक्त आतल्या बाजूला उघडणाऱ्या लोंबत्या तारांचं असावं, म्हणजे उतरलेलं पाखरू थेट आत शिरतं. कबुतरं उतरतात त्या फळीसमोरच्या खालच्या फांद्या छाटा, पण झाड तोडू नका. त्याच झाडावर कोतवाल पक्षी आणि कावळे असतात, आणि शिक्र्याला हुसकावण्यात कोतवालासारखा राखणदार नाही.

खरी मेख मात्र दाण्यात आहे. भरल्या पोटी सोडलेली कबुतरं तासभर छपरावर रेंगाळतात. अर्धपोटी सोडली, की फेरी मारून आल्यावर ज्वारीचा डबा खडखडवायचा अवकाश, भराभर आत. सोडायची वेळही रोज तीच ठेवू नये. शिक्र्याला आपलं वेळापत्रक आपल्या शेजाऱ्यापेक्षा लवकर पाठ होतं.

प्लास्टिकचं घुबड, टांगलेल्या सीडी यांचा धाक आठवडाभर. पायातले घुंगरू पाळकाच्या कानाला गोड, एवढंच. रंगाबद्दल मात्र एक गंमत आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांना दिसलं की कमरेवर पांढरा पट्टा असलेले पारवे बहिरी ससाण्याच्या तावडीत फार कमी सापडतात. त्यांनी पांढरी पिसं कापून दुसऱ्या पारव्यांना चिकटवली, तर नशीबही तसंच पालटलं. २००५ साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं. आपल्याकडच्या पारव्याची कंबर राखाडी असते, त्यामुळे ही ढाल त्याला नाही. कुणी होमर रंगवायला निघू नये म्हणजे झालं.

वर्गणीवाल्यांपैकी एकाने मला ऐकवलं की ब्रिटिश सरकारनेही ससाणे मारलेच होते. खरं आहे. १९४० साली, युद्धात निरोप नेणारी कबुतरं वाचावीत म्हणून तसा हुकूम निघाला होता आणि शेकडो ससाणे मारले गेले. ते युद्ध होतं, आणि ते संपल्यावर हुकूमही मागे घेतला गेला. आपली शर्यत ढालीसाठी असते. अमेरिकेत २००७ मध्ये हवेत कोलांट्या मारणारी कबुतरं पाळणाऱ्या काही मंडळींवर ससाणे आणि शिकारी पक्षी मारल्याबद्दल खटले झाले, तेही लक्षात ठेवावं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिक्रा आणि बहिरी ससाणा दोघांनाही संरक्षण आहे. त्यांना मारणं, पकडणं, डिंक किंवा जाळं लावणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. 'पकडणारा माणूस' बोलवाल तर त्याच्याबरोबर बोलवणाराही अडकेल. जाळीत अडकलेला किंवा जखमी शिक्रा सापडला तर टॉवेल टाकून खोक्यात अंधारात ठेवावा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

आपण पुढच्या अंकात फोटोची दुरुस्ती छापली तर घारींमागचा ससेमिरा तरी थांबेल. आणि वर्गणी निघणारच असेल, तर माझे पैसे वेल्डमेशच्या अख्ख्या रोलसाठी धरा. सुट्या मीटरने घेतला की फार महाग पडतो.

आपला,
एक कबुतरपाळक वाचक, मिरज