आई, त्या दिवशी मी पांढरं नेसणार आहे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. म्हणून पत्र लिहितेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधेच थांबू नका. शेवटपर्यंत वाचा आणि मग काय रागवायचं ते रागवा.

आमचं लग्न झालंय. म्हणजे कागदावर. गेल्या महिन्यात वॉर्ड ऑफिसात जाऊन आम्ही ‘कोन्इन तोदोके’ दिलं, म्हणजे विवाहनोंदणीचा अर्ज. जपानमध्ये कायद्यानं लग्न लागतं ते तेवढ्यानंच. देवळातला विधी, जेवणावळ, फोटो हे सगळं ज्याच्या त्याच्या मनाचं, सरकार त्याबद्दल विचारतसुद्धा नाही. आधी कागद देऊन टाकायचा आणि सोहळा सवडीनं करायचा, असं इथे कित्येकजण करतात. माझ्या व्हिसाची मुदत संपत आली होती, नवं घर दोघांच्या नावावर घ्यायचं होतं, आणि आईच्या ऑपरेशननंतर तुम्हाला लगेच विमानात बसवायचं माझं धाडस नव्हतं. कारणं सगळी खरी आहेत. तरी रात्री झोप येत नाही तेव्हा ती मला पुरत नाहीत.

त्या अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. अठरा वर्षं पूर्ण झालेलं कुणीही चालतं. आम्ही दोघांच्या एकेका मित्राला बोलावलं. माझी मैत्रीण त्या चौकटीत सही करत होती आणि मला तिथे तुमची सही दिसत होती बाबा, खालच्या त्या लांब रेघेसकट. माझ्या प्रगतिपुस्तकावर असायची ती. ऑफिसातल्या बाईंनी अर्ज दोनदा तपासला, शिक्का मारला आणि उभं राहून अभिनंदन केलं. बाहेर आल्यावर मी रडले. हा, म्हणजे माझा नवरा, बिचारा घाबरला, त्याला वाटलं मला पश्चात्ताप होतोय. तसं नव्हतं. तुम्ही तिथे नव्हता, एवढंच.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाबा तुम्ही विचारणार नाही पण मनात ठेवाल. इथल्या कायद्यानं जपानी नवराबायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं आणि शंभरातली नव्वदहून जास्त जोडपी नवऱ्याचंच घेतात. पण दोघांतलं एक परदेशी असलं की ती सक्ती नाही. माझं आडनाव तुमचंच राहिलंय.

आता सोहळा. तो तुमच्याशिवाय होणार नाही. आई, इथल्या कॅलेंडरांवरही तारखेखाली बारीक अक्षरांत चांगला-वाईट दिवस छापतात. सहा दिवसांचं चक्र असतं, ‘रोकुयो’ म्हणतात. त्यातला ‘तैआन’ सगळ्यांत शुभ, आणि ‘बुत्सुमेत्सु’च्या दिवशी लोक लग्न टाळतात. सासूबाईंनी कॅलेंडरवर बोट फिरवत फिरवत ऑक्टोबरातला तैआनचा रविवार शोधला. तेव्हा त्या अगदी तुझ्यासारख्या दिसत होत्या.

आता जे सांगायला मी सगळ्यांत जास्त घाबरतेय ते. आई, विधीला मी पांढऱ्या कपड्यांत असेन. डोक्यापासून पायांतल्या चपलांपर्यंत सगळं पांढरं. त्याला ‘शिरोमुकु’ म्हणतात. आणि सासूबाई माझ्या बाजूला काळ्या किमोनोत उभ्या राहतील. तुला दारातच धक्का बसू नये म्हणून आत्ताच लिहितेय. लग्नात वराच्या आणि वधूच्या आईनं घालायचा सर्वांत मानाचा किमोनो काळाच असतो, ‘कुरोतोमेसोदे’. त्यावर घराण्याचं चिन्ह पाच ठिकाणी असतं आणि कमरेखाली सोनेरी, रंगीत नक्षी. संक्रांतीला तू काळी साडी किती हौसेनं नेसतेस ते आठव, म्हणजे त्यांच्याकडे बघणं सोपं जाईल. पांढऱ्याबद्दल कुणी सांगतात की नवरीनं सासरच्या रंगात रंगायला कोरं होऊन यायचं. हा अर्थ मला पटत नाही आणि ह्यालाही नाही. मला तो देवापुढे स्वच्छ होऊन जायचा रंग वाटतो. मी कापड हातात घेऊन बघितलं. लांबून सपाट दिसतं, पण उजेडात तिरपं धरलं की पांढऱ्यावर पांढऱ्यानंच विणलेले करकोचे उमटतात. आणि जेवणाच्या वेळी कपडे बदलायची रीतच आहे, तेव्हा मी लालभडक घालणार. हिरवा चुडा आण. तो मी त्या लालवर भरणार, इथे कुणी काही म्हणालं तरी.

डोक्यावर नवरीनं बांधायच्या एका पट्टीचं नाव ‘त्सुनोकाकुशी’, म्हणजे शिंगं लपवणारी. नवरीच्या रागाची, मत्सराची शिंगं झाकायची म्हणे. बाबा, लहानपणी मी उलट बोलले की तुम्ही म्हणायचात, ‘पोरीला शिंगं फुटली.’ पण कधी ती झाकायला लावली नाहीत. मी ती पट्टी बांधणार नाही, गोल टोपडं घालणार आहे, ‘वाताबोशी’.

बाबा, तुम्हाला वाटेल हे सगळं हजार वर्षांचं असेल. तसं नाही. देवापुढे लग्न लावायची ही पद्धत रुळली ती 1900 साली युवराज योशिहितो यांचं लग्न राजवाड्यातल्या देवघरात झालं, त्यानंतर. त्याआधी लोकांची लग्नं घरातच व्हायची. म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळातली गोष्ट. विधी अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. लहान, मधला, मोठा असे तीन पेले असतात, आणि प्रत्येकातून आम्ही दोघं तीन-तीन घोटांत साके, म्हणजे तांदळाची दारू, घेणार. नंतर दोन्ही घरच्यांनाही साके देतात. तुम्ही माळकरी आहात हे मी देवळात सांगून ठेवलंय. नुसतं हातात धरून खाली ठेवा. कुणालाही वाईट वाटणार नाही.

आहेराची गंमत आई, तुला आवडेल. इथेही विषम आकडा लागतो, कारण समचे दोन भाग होतात. मित्रमंडळी बहुतेक 30,000 येन देतात, त्याही कोऱ्या नोटा, म्हणजे तुझं एक्कावन्न नि एकशे एकच झालं. पाकिटावरच्या दोऱ्याची गाठ अशी असते की ओढली तरी सुटत नाही. ती बघितल्यापासून मला सगळीकडे गाठीच दिसतात. थायलंडच्या मैत्रिणीच्या लग्नात दोघांच्या डोक्यांवर एकाच दोऱ्याची दोन कडी होती, आणि मोठी माणसं शंखानं त्यांच्या जोडलेल्या हातांवर पाणी सोडत होती. फिलिपिन्समध्ये दोघांच्या खांद्यांवर एकच दोर आठाच्या आकड्यासारखा घालतात. ग्रीक लग्नात दोन मुकुट एका फितीनं जोडलेले असतात. तुमच्या उपरण्या-शालूची गाठ अजून त्या पत्र्याच्या पेटीत आहे ना? सोडवू नका. तशीच घेऊन या.

आता ऐका. देवळाच्या वाटेवर जाड खडी असते. बाबा, रबरी टोकाची काठी आणायचीच, ‘लागत नाही’ हे मी ऐकणार नाही. बूट बिनलेसचे आणा. विधीत बसायला खुर्च्या आहेत. हॉटेलात पलंग आहे, कमोड आहे, खोली लिफ्टजवळ मागितली आहे. इथल्या साध्या रश्श्यातही माशाचं पाणी असतं, म्हणून तुमचा स्वयंपाक वेगळा करायला सांगितलाय आणि मी स्वतः चाखून बघणार आहे. औषधं एका महिन्यापुरतीच आणा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सर्दीच्या गोळ्या मला फोटो पाठवल्याशिवाय बॅगेत टाकू नका, त्यांतल्या काहींवर इथे बंदी आहे. आई, साखर रोज तपास आणि वहीत लिही. अंदाजानं नको.

आणि एक काम फक्त तुझं आहे. नवरी देवळाकडे निघायच्या आधी तिची आई तिच्या ओठांना शेवटचा लाल रंग लावते. ‘बेनिसाशी’ म्हणतात. शाळेत जाताना तू माझी हनुवटी धरून टिकली लावायचीस आणि मी हलले की ‘चिमे, स्थिर’ म्हणायचीस, तसंच करायचं. तुझा हात हल्ली थरथरतो म्हणून आधीच नाही म्हणू नकोस. रंग ओठाबाहेर गेला तरी मी तो पुसू देणार नाही.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, पासपोर्टची मुदत आजच बघा. उद्या नको.