लांब पोल घेऊ नका म्हणणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

पत्र उघडं लिहिते आहे, पण तुमचं नाव घालत नाही. "नाव छापलंत तर उद्यापासून कोटेशन तपासून द्या म्हणून फोन सुरू होतील," असं तुम्हीच हसत म्हणाला होतात. तेव्हा देवळालीचे दादा, एवढंच. चारचौघांत लिहायचं कारण असं की नाशिकमध्ये काचा धुण्याच्या धंद्यात नवी मंडळी उतरताहेत. जमिनीवरून उंच काचा धुण्याचा लांब पोल घेताना काय बघायचं, हे तुम्ही मला चहाच्या कपावर जे सांगितलंत ते विकणारा सांगत नाही. आभार मानता मानता ते त्यांच्याही कानावर जावं.

आमचं काम म्हणजे मी आणि सिडकोतल्या आमच्या बायका. बादली, वायपर, घोडा आणि फडकी यांच्यावर आम्ही बँका, दवाखाने, शोरूम करत आलो. दिवाळीच्या तोंडावर कॉलेज रोड आणि गंगापूर रोडची वरच्या मजल्यांची कामं आली आणि शिडीवर कुणाला चढवायचं हा प्रश्न पडला. मी कुणाला चढवणार नव्हते. म्हणून वॉटर फेड पोल घ्यायचं ठरवलं. माझ्या हातात दोन कोटेशन होती, एक ६० फुटी पोलचं आणि एक ३० फुटीचं. विकणाऱ्याचं म्हणणं, "ताई, एकदाच घ्या आणि मोठाच घ्या. खालच्या काचांना बंद करून वापरायचा." ऐकायला पटतं.

ज्यांनी हा पोल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची लांब काठी, टोकाला ब्रश, ब्रशात पाण्याचे बारीक जेट, आणि खालून पंपाने चढणारं शुद्ध पाणी. माणूस जमिनीवरच उभा राहतो. आधी चौकट घासायची, मग काच, मग वरून खाली पाणी सोडून सगळं धुवायचं आणि तसंच वाळू द्यायचं. वायपर लागत नाही, कारण त्या पाण्यात डाग पडण्यासारखं काही उरलेलंच नसतं. इंग्लंडमध्ये उंचीवरच्या कामाचे नियम २००५ साली आले. जे काम जमिनीवरून होऊ शकतं त्यासाठी माणूस वर चढवू नका, असा त्यांचा रोख. तिथे हा पोल घरोघरच्या काचांना चालतो. तुम्ही तो दुबईत वर्षानुवर्षं वापरलात.

दादा, तुम्ही कोटेशनकडे बघितलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न विचारलात, "रोज हा धरणार कोण?" आणि दुसरा, "महिन्यातून किती वेळा कुठल्या उंचीचं काम?" मी वही काढली. तळमजला, पहिला, दुसरा, यांच्या पलीकडे जाणारं काम बोटावर मोजण्याएवढं होतं.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी आता सगळ्यांना सांगत फिरते. पोल बंद केला म्हणून त्याचं वजन बंद होत नाही. ६० फुटी पोल खालच्या खिडकीला वापरला तरी आतल्या सगळ्या नळ्या त्याच्या पोटातच असतात. हातात येते ती सगळ्यात बाहेरची, सगळ्यात जाड नळी. आमच्या बायकांच्या मुठीत ती मावत नाही. मूठ नीट बसली नाही की पकड घट्ट करावी लागते, आणि पकड घट्ट केली की मनगट आणि खांदा संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. हे कुठल्याच कोटेशनवर लिहिलेलं नव्हतं.

तुम्ही तुमचा जुना पोल ॲक्टिव्हाला बांधून त्र्यंबक रोडवर घेऊन आलात आणि माझ्या हातात न देता बायकांच्या हातात दिलात. "दहा मिनिटं सलग चालवा, मग बोला." ब्रश भिंतीला टेकवून वर-खाली करायला लावलंत आणि मला म्हणालात, "ताई, हात हलल्यावर ब्रश किती उशिरा हलतो ते बघा." तो उशीर म्हणजे पोलचा लवचिकपणा. ग्लास फायबरचा पोल स्वस्त असतो आणि मारही सोसतो, पण २०-२५ फुटांच्या वर गेला की मधोमध लवतो. मग निम्मी ताकद काच घासण्याऐवजी काठी वाकवण्यात जाते. कार्बन फायबर, म्हणजे नुसतं 'कार्बन' म्हणतात ते, कडक आणि हलकं. ३० फुटी कार्बन पोल साधारण दोन किलोच्या आसपास मिळतो. ॲल्युमिनियमचा तुम्ही विषयच काढू दिला नाहीत.

कार्बनमध्येही प्रती आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळ्यात महागडा कार्बन सगळ्यात कडक असतो, पण आपटला की तडकतोही लवकर. "तुमच्या छोट्या हत्तीत बादल्यांशेजारी पडणार असेल तर मधला घ्या," हा सल्ला विकणाऱ्याच्या फायद्याचा नव्हता, माझ्या होता. आणि कार्बनमधून वीज वाहते! ते सांगताना तुमचा आवाज बदलला होता. काम सुरू करण्याआधी मान वर करून तारा बघायच्या. जुन्या भागात इमारतीला खेटून ११ केव्हीची लाइन गेलेली असते. तिथे पोल उघडायचाच नाही, मग तो फायबरचा का असेना, कारण ओल्या पोलमधून आणि आतल्या पाण्याने भरलेल्या नळीतूनही वीज येऊ शकते. आमच्याकडे आता नियम आहे, गाडीतून सामान उतरवण्याआधी एक जण इमारतीभोवती फेरी मारते आणि फक्त वर बघते.

उंचीचा हिशेबही तुम्हीच घालून दिलात. कोटेशनवर 'रीच', म्हणजे ब्रश पोहोचतो ती उंची, लिहिलंय की 'पोलची लांबी' ते आधी वाचायचं, कारण काही जण लांबीत माणसाची उंची मिळवून आकडा छापतात. घराचा मजला साधारण १० फुटांचा, पण शोरूमचा तळमजला १४-१५ फुटांचाही असतो, म्हणून मजले मोजून भागत नाही. शिवाय पोल तिरका धरावा लागतो. अगदी भिंतीखाली उभं राहिलं तर मानही मोडते आणि घाण पाणी डोक्यावर येतं.

शेवटी आम्ही घेतला तो एक २० फुटी, अर्धा फायबर अर्धा कार्बन, आणि एक ३० फुटी कार्बन. रोजचं बहुतेक काम पहिल्यावरच होतं. दोन्ही मिळून त्या ६० फुटीपेक्षा स्वस्त पडले, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

क्लॅम्पबद्दल तर मी तुमची जन्माची ऋणी आहे. मला ती फालतू बाब वाटायची. प्रत्येक जोडावरचा तो खटका ओल्या हाताने, हातमोजा घालून उघडतो-मिटतो का, सैल पडला तर स्क्रूने आवळता येतो का, आणि तुटला तर सुटा मिळतो का, हे तीन प्रश्न तुम्ही विकणाऱ्याला माझ्यादेखत फोनवर विचारलेत. तिसऱ्या प्रश्नाला पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. तुम्ही फोन ठेवलात आणि म्हणालात, "हा नको." दुसऱ्याकडे क्लॅम्प सुटे मिळतात, मधली एखादी नळी तडकली तर तीही सुटी मिळते.

ब्रशवर आपली थोडी हुज्जत झाली होती, आठवतंय? मला रुंद, दाट, डुकराच्या केसांचा ब्रश आवडला होता, कारण तो घासतो छान. तुम्ही तो पाण्यात बुडवून माझ्या हातात दिलात. केस पाणी पितात आणि ते सगळं वजन ३० फुटांवरच्या टोकाला लटकतं. आम्ही नायलॉनचा हलका घेतला. पण दादा, पहिल्या वेळच्या धुण्याला, जिथे पक्ष्यांची घाण आणि वर्षांची धूळ बसलेली असते, तिथे मला अजूनही केसांचाच बरा वाटतो. तेवढ्यासाठी एक वेगळा ठेवलाय. रागावू नका.

पाण्याचं प्रकरण पोलपेक्षा मोठं निघालं. तुम्ही खिशातून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, काढून पाथर्डी फाट्यावरच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात बुडवलात तेव्हा आकडा पाचशेच्या वर गेला. आपल्याकडच्या काळ्या खडकातून झिरपून आलेलं पाणी, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असणारच. ते काचेवर वाळलं की पांढरे ठिपके. नळाला येणारं गंगापूर धरणाचं पाणी त्या मानाने बरंच हलकं, पण तेही तसंच वाळू दिलं तर डाग सोडतंच. पोलच्या कामाला आकडा १० च्या आत हवा, शून्य असेल तर उत्तम. सोसायटीच्या सेक्रेटरींनी अभिमानाने सांगितलं की आमच्याकडे सॉफ्टनर आहे. तुम्ही त्यांना शांतपणे समजावलंत की सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, पण मीटरवरचा आकडा खाली येत नाही. घरातला प्यायचा आरओही चालत नाही. तो तासाला १०-१५ लिटर देणार, आणि पोल चालू असताना मिनिटाला एक-दीड लिटर पाणी जातं.

म्हणून मोठा आरओ, आणि त्याच्या पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणारे बारीक मणी. नुसत्या रेझिनवर बोअरचं पाणी घातलं तर रेझिन बघता बघता संपतं. आरओने आधी आकडा खाली आणला की तेच रेझिन कितीतरी जास्त चालतं. आरओतून बाजूला पडणारं पाणी आम्ही फेकत नाही, त्याने पार्किंग आणि जिने धुतो. टाकीबद्दल तुमचं एक वाक्य मी गाडीत आतून चिकटवलंय: "५०० लिटर म्हणजे ५०० किलो." त्यावर पोल, पाइप, पंप, बॅटरी आणि चार बायका. छोट्या हत्तीचाही जीव लहानच असतो. टाकी पट्ट्यांनी बांधल्याशिवाय आमची गाडी हलत नाही.

आणि धूळ. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी शहरात कामं निघाली आहेत, काच सकाळी धुतली की संध्याकाळी पुन्हा भुरी. धंद्याला बरं, पोलला वाईट. ती धूळ नळ्यांच्या मध्ये जाऊन कार्बन खरवडते. प्रत्येक नळी फडक्याने पुसून मगच आत सरकवायची, ही सवय तुम्ही बायकांना लावलीत. आता त्या माझ्यावरच ओरडतात.

तुम्ही नाही म्हणायला शिकवलंत तेही लिहायला हवं. फ्लॅटच्या खिडक्यांना बाहेरून बॉक्स ग्रिल असतं, तिथे ब्रश काचेपर्यंत पोहोचत नाही. ती कामं आम्ही पोलने घेत नाही. सिमेंटचे आणि रंगाचे शिंतोडे पाण्याने निघत नाहीत, तिथे पाती लागते आणि हात लागतो. जुन्या स्लायडिंग खिडक्यांतून पाणी आत येतं, म्हणून आतल्या माणसाला आधी सांगायचं. आणि सात मजली काचेच्या इमारतीचं ते काम, ज्याच्यासाठी मी ६० फुटी पोलचा विचार करत होते, ते तुम्ही एका नजरेत निकालात काढलंत. "हे झुल्याचं, म्हणजे वरून दोरांनी सोडलेल्या पाळण्याचं काम आहे. झुलेवाल्यांना द्या, आणि खालचे दोन मजले स्वतःसाठी मागून घ्या." तसंच केलं. खालचे दोन मजले दर महिन्याला आमच्याकडे आहेत.

एवढं सगळं करून तुम्ही काय घेतलंत? विकणाऱ्याने तुमच्या नावाचं कमिशन काढलं होतं, ते तुम्ही माझ्या बिलातून कमी करायला लावलंत. मी पाकीट पुढे केलं तर म्हणालात, बायकांना हातमोजे घ्या. घेतले. चांगल्या प्रतीचे घेतले.

आमच्यातली सगळ्यात बुटकी बाई आता ३० फुटी पोल सगळ्यांत सफाईने चालवते. ताकद लावत नाही, पोलच्या वजनाला स्वतःचं काम करू देते. तुम्ही तिला एकदा बघायला हवं. पुढच्या आठवड्यात गंगापूर रोडच्या दवाखान्याचं काम आहे, पश्चिमेकडच्या काचा आहेत, म्हणून ऊन फिरण्याआधी, सकाळी सातलाच सुरू करणार. वेळ असेल तर या. तुमचा टीडीएस मीटर अजून माझ्याकडेच आहे, तो तेव्हाच देईन. मुद्दाम पाठवत नाही, म्हणजे तुम्हाला यावंच लागेल.

वहिनींना नमस्कार.

तुमची,
सिडकोची ताई आणि आमच्या सगळ्या बायका