मनू, तुझी फाईल कपाटात आहे

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू रडलीस आणि शेवटी म्हणालीस की आई, आता मी कुणालाच काही सांगणार नाही, डॉक्टरला पण नाही, आणि फोन ठेवून दिलास. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. फोनवर मला धड बोलता येत नाही, बाबा शेजारी असले की तर अजिबातच नाही, म्हणून टाइप करतेय. मोठं होणार आहे. रिहॅबवरून रूमवर आलीस की पाठ टेकून निवांत वाच.

तुझा रिपोर्ट बाहेर फुटल्याचं मला कसं कळलं ते आधी सांगते, कारण तुला वाटतंय की बाबांनी किंवा दादाने कुणाला तरी सांगितलं. नाही गं. गुरुवारी संध्याकाळी मी त्रिमूर्ती चौकात भाजी घेत होते, मेथीची जुडी हातात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, काय हो, मनूच्या मणक्याला क्रॅक गेलाय म्हणे, एल फाईव्ह, आता सहा महिने बॉलिंग बंद. एल फाईव्ह, म्हणजे कमरेचा सगळ्यात खालचा मणका! सिडकोच्या भाजीबाजारात! मला तोवर एवढंच माहीत होतं की पाठ दुखतेय, एमआरआय झालाय आणि रिपोर्ट यायचाय. मी म्हटलं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्यांनी मोबाईलच दाखवला. रिपोर्टचा फोटो होता. वर तुझं पूर्ण नाव, वय, तारीख, सगळं, आणि खालच्या कोपऱ्यात कागद धरलेला कुणाचा तरी अंगठा. नख व्यवस्थित कापलेलं. मी रिपोर्ट वाचलाच नाही मनू, त्या अंगठ्याकडेच बघत राहिले. मेथी तिथेच राहिली, पैसे देऊन तशीच घरी आले.

तुला वाटेल आई एवढी त्या अंगठ्यावर का अडली. सत्तावीस वर्षं मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली, केसपेपर लावणं, फाईलला नंबर टाकणं, नाडी बांधणं, शोधून देणं. लोकांना वाटतं हे काम म्हणजे धूळ खाणं. पण अर्ध्या गावाचं काय काय दुखतंय ते त्या रॅकमध्ये असतं, आणि ते बाहेर जातं ते असंच जातं, कुणाच्या तरी साध्या हाताने. हे मी एवढ्या खात्रीने सांगतेय कारण एकदा तो हात माझा होता.

हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही. तू चार-पाच वर्षांची असशील तेव्हा. खिडकीवर एक गृहस्थ आले, चांगले कपडे, गोड बोलणं, म्हणाले मी अमक्या मुलीचा मामा, तिचे जुने पेपर बघायचेत, मुंबईच्या डॉक्टरांनी मागितलेत. पत्र नाही, चिठ्ठी नाही. दुपारची वेळ होती, मी एकटी होते, मी फाईल काढून दिली आणि त्यांनी तिथेच उभ्याने वाचली, दोन मिनिटं सुद्धा नाही, आणि थँक्यू म्हणून गेले. टीबीची फाईल होती. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण, बरी झालेली, तसं डॉक्टरांनी लिहिलेलंही होतं. महिन्याभराने मुलीची आई आली. ठरलेलं लग्न मोडलं होतं, मुलाकडच्यांना कळलं होतं, तो मामा त्यांच्याकडचा होता. ती माझ्यावर ओरडली नाही गं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, ताई, फाईल कुणी बघितली होती का हो? आणि मी नाही म्हणाले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी लेखी पत्र आणि पेशंटची सही असल्याशिवाय कुणालाही फाईल दिली नाही. नगरसेवक येऊन बसले तरी नाही, ओळखीच्या डॉक्टरांचा फोन आला तरी नाही. पण त्या बाईंना दिलेलं उत्तर काही मला परत घेता आलं नाही.

म्हणून अमेरिकेतली ती गोष्ट दादाने मागे मला सांगितली तेव्हा मी सगळी नीट समजून घेतली. जेसन पिअर-पॉल म्हणून न्यूयॉर्क जायंट्सचा फुटबॉलपटू, त्यांचा तो हेल्मेट घालून खेळायचा फुटबॉल. २०१५ च्या ४ जुलैला फटाके उडवताना त्याचा उजवा हात भाजला, चिंधड्या झाल्या. टीमची माणसं फ्लोरिडाला भेटायला गेली तर हा भेटला नाही, कारण करार लटकलेला होता, आणि हात बघून ते काय करतील ही भीती. आणि चार दिवसांत एका नावाजलेल्या पत्रकाराने हॉस्पिटलच्या कागदाचा फोटोच ट्विटरवर टाकला, उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट कापलं म्हणून. जगाला कळलं, टीमला पण तिथेच कळलं. पुढे त्याने त्या पत्रकारावर आणि त्याच्या ईएसपीएन चॅनेलवर केस केली, २०१७ मध्ये तडजोड झाली. आणि मायामीच्या त्या हॉस्पिटलने आपली दोन माणसं कामावरून काढली. मनू, सगळे त्या पत्रकाराबद्दल बोलतात, त्या खेळाडूबद्दल बोलतात, माझ्या डोक्यात मात्र ती दोन माणसं आहेत. त्यांना काय वाटलं असेल तो कागद पुढे देताना. बहुतेक काहीच वाटलं नसेल, मला तरी कुठे वाटलं होतं.

आणि वाचणारे आपणच असतो हे पण खरं आहे. २०२२ च्या डिसेंबरात ऋषभ पंतचा अपघात झाला तेव्हा क्रिकेट बोर्डाने निवेदन दिलं होतं, कपाळावर दोन जखमा, उजव्या गुडघ्याचं लिगामेंट, मनगट, घोटा, पायाचं बोट, पाठ खरचटलेली, सगळं. मी ते वाचलं आणि तीन ग्रुपवर फॉरवर्ड केलं, काळजीपोटीच. तेव्हा एकदाही मनात आलं नाही की त्याच्या आईला हे सगळं सगळ्यांनी वाचलेलं चालेल का. आता भाजीबाजारात आलं.

तर तुझा राग बरोबर आहे, शंभर टक्के. फोटो एमआरआय सेंटरवरून गेला, टीमच्या ग्रुपवरून गेला की अजून कुठून, ते शोधायची जबाबदारी टीमची आहे आणि मॅनेजर नुसतं बघतो म्हणाले ते पुरेसं नाही. त्यांना लेखी मेल कर, कुणाकुणाला रिपोर्ट पाठवला होता ते लेखी मागव. डॉक्टरांवर पेशंटची गुपितं राखायचं बंधन आहे, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत ते लिहिलेलं आहे, आणि आपले कागद आपण मागितले तर ७२ तासांत द्यायचे हे पण त्याच नियमांत आहे. हे ७२ तास मी खिडकीवर उभं राहून लोकांना पाठ म्हणून दाखवलेत. तू पण मागून घे, सगळे, सीडीसकट.

आता दुसरं. हे लिहायला मला जड जातंय पण लिहिते.

परवा तू रडताना मध्येच बोलून गेलीस की पाळी सात महिने आलेली नाही आणि टीमच्या त्या अ‍ॅपमध्ये तू रोज सकाळी नॉर्मल असं टाकत होतीस. का टाकत होतीस तेही कळलं, कारण ते अ‍ॅप फिजिओ ताईंच्या बरोबर अजून कोण कोण बघतं ते तुला कधी कुणी सांगितलं नाही, आणि बसमध्ये एकदा कुणीतरी सगळ्यांसमोर, आज अमकीचा मूड नाही, तारीख बघा, असं म्हणालं होतं. ते ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षांच्या पोरीने रोज सकाळी उठून झोप किती झाली, अंग किती दुखतंय, पाळी कधी आली हे भरायचं आणि ते कुठे जातं ते तिला माहीत नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही.

पण बाळा, पाठीच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पण तू नॉर्मलच म्हणालीस. तिथे माझा जीव थरथरला. मी आपल्या कॉलेज रोडच्या डॉक्टर मॅडमना, नाव न सांगता, नुसतं विचारलं. त्या म्हणाल्या, एवढा सराव करणारी मुलगी पोटाला कमी खात असेल तर शरीर आधी पाळी बंद करतं, मग इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी पडतं, मग हाडं कमजोर होतात आणि मग अशी बारीक चीर जाते. ऑलिम्पिक कमिटीने २०१४ मध्ये याला नावच दिलंय, रेड-एस. उजव्या हाताने फास्ट टाकणाऱ्यांना मणक्याच्या डाव्या बाजूला ही चीर जाते हे तुला सरांनी सांगितलंच होतं, तुझी पण डावीकडेच आहे, म्हणजे बॉलिंगचा ताण आहेच. पण हाड भरून यायचं असेल तर डॉक्टरला दुसरी बाजू पण कळली पाहिजे ना. नाहीतर तू सहा महिने गपचूप पडून राहशील, परत रनअप घेशील आणि परत तिथेच चीर जाईल. तू बारावीत असल्यापासून मी तुला महात्मा नगरच्या ग्राउंडवर सकाळी सोडायला यायचे, थंडीत तोंडातून वाफ निघायची आणि तू स्वेटर माझ्या अंगावर टाकून पळायचीस. ते पळणं मला परत बघायचंय.

रेकॉर्ड रूममध्ये फाईल नाडीने बांधून रॅकवर असते, वर फक्त नंबर. ती आहे हे सगळ्यांना दिसतं, आत काय आहे ते ज्याचं काम आहे त्यालाच. ते झालं झाकणं. आणि एखाद्याने फाईलमधून पानच फाडून नेलं तर पुढचा डॉक्टर चुकीचं औषध देतो, ते लपवणं. टीमपासून झाकायचा तुला पूर्ण हक्क आहे. डॉक्टरपासून पान फाडू नकोस.

आणि टीमशी पण एकदम तोडू नकोस. बास्केटबॉलचा तो कवाय लेनर्ड, सॅन अँटोनियोचा, २०१७-१८ ला मांडीच्या दुखण्याने पूर्ण सीझनमध्ये नऊच मॅच खेळला. टीमचे डॉक्टर म्हणाले खेळू शकतो, त्याचे स्वतःचे डॉक्टर म्हणाले नाही, तो न्यूयॉर्कला जाऊन उपचार घेत राहिला आणि बोलणं कमी कमी होत गेलं. शेवटी टीम सुटली. टोरांटोला गेला आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियन झाला, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचं ऐकलं ते चुकलं असं मला वाटत नाही. पण ज्यांच्या बरोबर सात वर्षं काढली ती माणसं तुटली. तुझ्या मागे तेवढं मोठं नाव नाही गं अजून. टीमच्या डॉक्टरला पगार टीम देते हे लक्षात ठेव, म्हणून दुसरं मत घेच, पण ते घेतेयस हे त्यांना सांगून घे.

एक गोष्ट मात्र टीमच्या डॉक्टरपासून झाकायची सुद्धा नाही, ती म्हणजे गोळी आणि इंजेक्शन. तुझी मावशी म्हणत होती गंगापूर रोडला एक जण पाठीत इंजेक्शन देतात, एका दिवसात उभं करतात. अजिबात जायचं नाही. स्टेरॉईडचं कुठलंही इंजेक्शन २०२२ पासून मॅचच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे, डोपिंगवाले मावशीला नाही विचारणार, तुला विचारणार. आजीचा काढा घेतलास तरी फिजिओ ताईंना सांग.

टीमने तुला सही करायला दिलेल्या त्या फॉर्मचा फोटो मी झूम करून तीनदा वाचला. सर्व वैद्यकीय माहिती संघ व्यवस्थापन व त्यांनी नेमलेल्या कुणालाही देण्यास संमती, असं आहे. त्यांनी नेमलेला कुणीही म्हणजे कोण? अशी सही करू नकोस. त्यांना सांग की डॉक्टर आणि फिजिओ ताईंना सगळं कळेल, पाळीचं सुद्धा. मॅनेजर, कोच, मालक यांना फक्त तीन गोष्टी, मी फिट आहे की नाही, काय काय करायचं नाही आणि साधारण कधी परत येईन. बाहेर काय सांगायचं ते मला आधी दाखवून. हे त्याच फॉर्मवर हाताने लिही, बाजूला सही, तारीख, आणि कॉपी घेतल्याशिवाय उठू नकोस. नाही म्हणाले तर सही थांबव आणि मला फोन कर, रात्री कितीही वाजता. फिजिओ ताई चांगल्या वाटतात मला, रिपोर्ट फुटल्यावर तुझ्या रूमवर येऊन तासभर बसल्या त्या एकट्याच. आधी त्यांच्याशी बोल. सात महिन्यांचं पण त्यांनाच आधी सांग, अ‍ॅपमध्ये नंतर.

काकूंना मी दुसऱ्या दिवशी वर बोलावलं, चहा दिला आणि फोटो डिलीट करायला लावला, माझ्यासमोर. त्यांनी केला. त्यांना आला होता त्या ग्रुपवर पण सांगा म्हटलं, आता किती जण ऐकतील ते देवाला माहीत.

तुझे जुने एक्स-रे, शाळेतल्या घोट्याचे पण, आणि आता येतील ते सगळे मी गोदरेजच्या कपाटात वेगळ्या फाईलला लावतेय. वर नाव नाही टाकलं, नुसता तुझा जर्सी नंबर टाकलाय. बाबांनी विचारलं पाळीचं काय म्हणत होती ती, मी म्हटलं तिला विचारा, तिला वाटलं तर सांगेल.

रविवारी दादाबरोबर डिंकाचे लाडू पाठवतेय, रोज दोन, चुकवायचे नाहीत. डॉक्टरांची अपॉइंटमेंट मंगळवारी आहे ना, मी फोनवर थांबू का, की तू एकटीच आत जाशील? तू म्हणशील तसं.

तुझी,
आई